ओतेदामापासून कारुतापर्यंत: जपानी खेळ घरी खेळायला लागायचं तर

जपानहून कुणी आलं की सूटकेसमधून हमखास एक छोटंसं केंदामा (दोरीने गोळा बांधलेला लाकडी दांडा) निघतं, नाहीतर कोकेशी बाहुली. दोन दिवस घरातले सगळे हाताळतात आणि मग ते शोकेसमध्ये जाऊन बसतं, ते कायमचं. केंदामा ही खेळायची वस्तू आहे हे पुढच्या पिढीला सांगावं लागतं.

हा लेख त्या शोकेसवाल्यांसाठी आणि ज्यांच्याकडे अजून काहीच नाही त्यांच्यासाठीही आहे. क्रम असा लावला आहे: आधी ज्याला काहीच लागत नाही ते, मग घरी शिवता येईल ते, मग विकत घ्यावं लागेल ते आणि शेवटी पत्ते. इतिहास वाटेत लागेल तसा घेऊ. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात असू द्या. ‘पारंपरिक जपानी’ म्हणून आपण ज्या खेळांकडे पाहतो त्यातले बरेचसे बाहेरून गेलेले आहेत. भोवरा चीन-कोरियाकडून, पत्ते पोर्तुगिजांकडून, केंदामाचा मूळ नमुना बहुधा युरोपातून, आणि शोगी या जपानी बुद्धिबळाचं मूळ तर आपल्याच चतुरंगात. जपान्यांनी त्यांना नियम लावले, परीक्षा लावल्या, वर्षातला मोसम ठरवून दिला. त्यामुळे नवख्याने वस्तूच्या रंगरूपात फार अडकू नये. नियम कळले की निम्मं जपान हाती आलं.

रिकाम्या हातांनी: जानकेन

दगड-कागद-कात्री मुलांना येतंच, तेव्हा इथे फक्त ताल शिकायचा. दोघांनी ‘साइशो वा गू’ म्हणत मूठ पुढे करायची. ही सुरुवातीची मूठ तशी अलीकडची, टीव्हीच्या जमान्यातली. मग ‘जान, केन, पोन’ आणि ‘पोन’ला हात उघडायचा. बरोबरी झाली तर थांबायचं नाही, ‘आइको देशो’ म्हणत लगेच पुढचा हात. जपानमध्ये राज्य कुणावर, शेवटची वडी कुणाला, पहिली सर्व्हिस कुणाची, सगळं यावरच ठरतं.

ताल बसला की ‘अच्ची मुइते होइ’ खेळा. जानकेन जिंकणाऱ्याने समोरच्याच्या नाकासमोर बोट धरायचं आणि ‘होइ’ म्हणताना ते वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे वळवायचं. हरलेल्याने त्याच क्षणी मान वळवायची. मान बोटाच्याच दिशेला गेली की तो बाद, दुसरीकडे गेली की पुन्हा जानकेन. लहान मुलं यात मोठ्यांना सहज हरवतात.

एदो काळात (1603 ते 1868) हातांचे असे कितीतरी खेळ चालत आणि ते मोठी माणसं बैठकीत, दारू पिताना खेळत. त्यातला ‘मुशी-केन’ मला सर्वांत आवडतो. अंगठा म्हणजे बेडूक, तर्जनी म्हणजे साप, करंगळी म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. साप बेडकाला हरवतो, बेडूक गोगलगायीला, आणि गोगलगाय सापाला, कारण तिच्या चिकट स्रावाने साप विरघळतो अशी तेव्हाची समजूत. मुलांना एकदा सांगून बघा, कात्रीपेक्षा सापाला जास्त मागणी येते.

शिवून बघा: ओतेदामा

ओतेदामा म्हणजे धान्य भरलेल्या मुठीएवढ्या कापडी पिशव्या. घरात आजी असेल तर पहिली पिशवी तिच्या हातात द्या. निम्मा खेळ सागरगोट्यांचाच आहे: एक वर उडवायची, ती खाली येईपर्यंत जमिनीवरची उचलायची. जपानमध्येही आधी दगडच होते. होर्यूजी मंदिराने 1878 मध्ये राजघराण्याला जो ठेवा अर्पण केला त्यात स्फटिकाचे तुकडे आहेत, आणि राजपुत्र शोतोकु त्यांनी हा दगडांचा खेळ खेळत असे अशी आख्यायिका त्यांच्याशी जोडलेली आहे. आज ते टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

पिशव्यांचे आकार अनेक. ‘झाबुतोन’ पद्धतीत चार पट्ट्या भिरभिऱ्यासारख्या जोडतात. दिसायला तीच सुंदर, पण पहिल्या खेपेला डोकं फिरतं. नवख्यांनी ‘तावारा’, म्हणजे भाताच्या गोणीच्या आकाराची करावी. ती अशी:

सुती कापडाचा साधारण 16 सेंमी लांब आणि 11 सेंमी रुंद तुकडा घ्या. जुनी सुती साडी, खणाचं उरलेलं कापड, काहीही चालेल, फक्त सुळसुळीत नको. सिंथेटिक कापड तळहातावरून घसरतं आणि खेळाचा विचका होतो. तुकडा उलट बाजूने दुमडून त्याच्या दोन आखूड कडा एकमेकींना शिवा म्हणजे नळी तयार होईल. नळीच्या एका तोंडाशी कडेकडेने धावदोरा घाला, दोरा खेचून तोंड चुण्यांनी पूर्ण आवळा आणि दोन-तीन वेळा दोरा गुंडाळून गाठ मारा. नळी सुलट करा. आता धान्य भरा, साधारण 40 ग्रॅम. दुसऱ्या तोंडाची कड आत दुमडून तसाच धावदोरा, तशाच चुण्या, पक्की गाठ.

धान्य कोणतं? जपानमध्ये अझुकी हे लाल कडधान्य भरतात. ते आपल्या मुगाच्याच कुळातलं, त्यामुळे अख्खे मूग अगदी चपखल बसतात. आवाजही छान येतो. ज्वारी चालते, पण हलकी लागते. राजमा नको, टोचतो. धान्य भरण्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर पावसाळ्यात पिशवीतून टोके बाहेर पडतील. आणि पिशवी गच्च भरायची नाही. ती तळहातावर पडल्यावर बसली पाहिजे. गच्च पिशवी चेंडूसारखी उसळते आणि मग शिकणारा स्वतःला दोष देत बसतो.

पाच पिशव्या करा. खेळायला बसताना मांडी घाला किंवा वज्रासनात बसा, म्हणजे निसटलेली पिशवी मांडीवर पडते, उठावं लागत नाही.

पहिला धडा एका पिशवीचा. उजव्या हाताने डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवा, त्याच हातात झेला. नजर हाताकडे नको, पिशवी जिथे वर थांबते त्या जागेकडे ठेवा. ते अंगवळणी पडलं की दोन पिशव्या, दोन हात. उजव्या हातातली वर उडवायची. ती हवेत असतानाच डाव्या हातातली पिशवी खालून उजव्या हातात द्यायची आणि रिकाम्या झालेल्या डाव्या हाताने वरची झेलायची. पिशव्या गोल फिरत राहतात, नेहमी एकाच दिशेने. सर्कशीत चेंडू आडवे एकमेकांना छेदून जातात, तसं इथे करायचं नाही. डाव्या हाताला उडवायचा मोह आवरणं हीच यातली खरी मेहनत.

मग तिसरी पिशवी. आणि कंटाळा आला की सागरगोट्यांच्या पद्धतीने चार जमिनीवर, एक हातात.

जपानी मुली हे गाण्यांच्या तालावर खेळत आणि ती मोजणीची गाणी ऐकून गंमत वाटते. त्यातलं एक तर चक्क 1904-05 च्या रशिया-जपान युद्धाबद्दल आहे. ‘वाटाघाटी फिसकटल्या, युद्ध सुरू झालं’ असं म्हणत मुली पिशव्या उडवत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरातल्या शाळकरी मुलांना गावाकडे हलवलं, तेव्हा घरून आलेल्या ओतेदामात खेळाच्या धान्याऐवजी भाजलेले सोयाबीन असत. मुलं उसवून खात. तुम्ही मात्र एखादं मराठी गाणं घ्या, भोंडल्याची गाणी तालाला फार चांगली बसतात.

विकत घ्या: केंदामा

खर्च करायचा असेल तर तो इथे करा, आणि नीट करा.

आधी रचना. उभा लाकडी दांडा. त्याच्या वरच्या निमुळत्या टोकाला केनसाकी म्हणतात. दांड्यावर आडवा तुकडा, त्याच्या एका बाजूला मोठी वाटी (ओझारा), दुसऱ्या बाजूला छोटी (कोझारा). दांड्याच्या बुडाशी तिसरी वाटी (चूझारा). आणि दोरीने बांधलेला, एकाच जागी भोक असलेला लाकडी गोळा.

काठीला बांधलेला गोळा टोकावर किंवा वाटीत झेलायचा खेळ युरोपात जुना. जपानमध्ये 1809 च्या एका पुस्तकात तो दारूच्या बैठकीतला खेळ म्हणून येतो. झेलता आलं नाही की प्यायची, असा साधा हिशोब. आजचं रूप हिरोशिमाजवळच्या कुरे गावच्या एगुसा हामाजी यांनी दिलं. त्यांनी दांड्यावर दोन वाट्या आडव्या बसवल्या आणि 1919 मध्ये त्या रचनेची अधिकृत नोंदणी झाली. गोळा म्हणजे सूर्य, वाट्या म्हणजे चंद्रकोर, म्हणून तिचं नाव ‘निचिगेत्सु बॉल’ म्हणजे सूर्य-चंद्र चेंडू. 1921 पासून ते शेजारच्या हात्सुकाइची या लाकूडकामाच्या गावात बनू लागलं. दारूच्या बैठकीतून ते मुलांच्या हातात गेलं ते या काळात.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. गोळा सुमारे 6 सेंमी व्यासाचा हवा. किल्लीच्या जुडग्याला लावायचे किंवा भेटवस्तू म्हणून विकतात ते चिमुकले नमुने शोकेससाठीच असतात. गोळ्याचं भोक टोकाच्या मानाने ऐसपैस हवं. आणि दोरी साधारण 40 सेंमी, मधे मणी असेल तर उत्तम, कारण त्यामुळे पीळ सुटतो. जपान केंदामा संघ 1975 मध्ये स्थापन झाला, त्याची मान्यतेची खूण असलेलं केंदामा मिळालं तर मापाची चिंताच नको. यामागाता प्रांतातलं नागाइ हे गाव अशा स्पर्धेच्या केंदामांसाठी प्रसिद्ध आहे. फार गुळगुळीत, चकचकीत वार्निशचं नको. वाटीवरून गोळा निसटतो.

जागा: फ्लॅटमध्ये असाल तर पायाखाली जाड सतरंजी घाला. गोळ्याचा रंग वाचतो आणि खालच्या मजल्यावरचे लोकही. चष्मा असेल तर असू द्या. लहान मुलाला एकट्याला देऊ नका, टोक डोळ्याच्या उंचीवर येतं.

संघाच्या परीक्षेचा क्रम दहाव्या श्रेणीपासून पहिलीपर्यंत उलटा चालतो आणि तोच अभ्यासक्रम म्हणून वापरावा. यापेक्षा चांगला क्रम मला तरी माहीत नाही. दहावी श्रेणी मोठी वाटी, नववी छोटी, आठवी बुडाची. सातवी ‘मेणबत्ती’: टोक चिमटीत धरून गोळा बुडाच्या वाटीत घ्यायचा. सहावी तोमेकेन, पाचवी ‘विमान’, चौथी फुरिकेन (गोळा झुलवून टोकावर घ्यायचा), तिसरी ‘जपानप्रदक्षिणा’, दुसरी ‘विश्वप्रदक्षिणा’ आणि पहिली ‘दीपस्तंभ’. परीक्षेत प्रत्येकाचे दहा प्रयत्न मिळतात, त्यातले ठरावीक जमावे लागतात. त्यानंतर ज्युडोसारख्या ‘दान’ नावाच्या वरच्या पायऱ्या.

पहिली वाटी. अंगठा आणि तर्जनीने दांडा धरा, मधलं बोट आणि अनामिका छोट्या वाटीत टेकवा, मोठी वाटी आकाशाकडे. उजवा हात असेल तर उजवा पाय किंचित पुढे. गोळा खाली पूर्ण स्थिर होऊ द्या. गुडघे वाकवा. आता गुडघे सरळ करत अख्खं शरीर वर उचला. हात नुसता सोबत जातो. गोळा सरळ वर आला की त्याच्याखाली वाटी न्या आणि तो टेकतानाच पुन्हा गुडघे वाकवा.

सगळं कौशल्य त्या शेवटच्या वाकण्यात आहे. हाताने झटका दिला की गोळा तिरका येतो आणि वाटीवर आपटून उडतो. लाकडावर लाकूड ‘टक्’ असं जोरात वाजलं तर गुडघे ताठ आहेत असं समजा. मऊ, दबका आवाज आला की बरोबर.

वाट्या जमल्या की ‘मोशीकामे’ रोज करा: गोळा मोठ्या वाटीतून बुडाच्या वाटीत, तिथून परत मोठ्या वाटीत, न थांबता. हे नाव ससा-कासवाच्या गोष्टीवरच्या जपानी बालगीताच्या पहिल्या शब्दांवरून आलं आहे, आणि त्याच्याच चालीवर ते करतात. मनगट फिरवायचं कमी, गुडघे हलवायचे जास्त. पाच मिनिटांत मांड्या भरून येतात, म्हणूनच जपानमध्ये वृद्धाश्रमांत आणि शाळांतही हे चालतं.

आता तोमेकेन. इथे बहुतेक लोक सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर. दांडा खालच्या टोकाकडे पेनासारखा धरा, टोक वर. गोळा स्थिर, आणि भोक बरोबर खाली आहे ना ते बघा. दोरी पिळलेली असेल तर गोळा गरगरतो आणि भोक जागेवर राहत नाही. डाव्या हाताने गोळा थांबवा, पीळ काढा, मगच सुरू करा. गुडघ्यांनी सरळ वर उचला. गोळा न फिरता वर यायला हवा. छातीच्या उंचीवर तो क्षणभर थांबल्यासारखा होतो, त्या क्षणी भोक दिसतं. टोक वर खुपसायचं नाही. भोकाखाली टोक धरा आणि गुडघे वाकवत गोळ्याला स्वतःहून त्यावर बसू द्या. नजर शेवटपर्यंत भोकावर. एकदा बसला की जो ‘खट्’ आवाज येतो, त्याच्यासाठी लोक तासन्‌तास उभे राहतात.

‘विमान’ याच्या उलट. गोळा हातात, दांडा खाली लोंबता. दांडा पुढे झुलवायचा, तो हवेत अर्धा फिरतो आणि टोक भोकात उतरवायचं. तोमेकेन येत असेल तर हे लवकर जमतं. जपानप्रदक्षिणा म्हणजे छोटी वाटी, मोठी वाटी, टोक. विश्वप्रदक्षिणेत मधे बुडाची वाटीही येते. दीपस्तंभात गोळा हातात धरून त्याच्यावर अख्खा दांडा उभा करायचा. तिथवर पोचलात की या लेखाची गरज उरणार नाही.

भोवरे आणि मेन्को

भोवऱ्याचं फार सांगत नाही. ज्याला आपला भोवरा जाळी गुंडाळून फिरवता येतो त्याला जपानी कोमा पाच मिनिटांत येईल. जपानमध्ये प्राचीन राजधान्यांच्या उत्खननात लाकडी भोवरे सापडले आहेत, इतका तो जुना. नवख्याने एकच प्रकार मुद्दाम बघावा: बेइगोमा. हा ओतीव लोखंडाचा, बोरापेक्षा थोडा मोठा, बिनदांड्याचा भोवरा. दोरीच्या टोकाला दोन गाठी मारून त्यांच्याभोवती ती गुंडाळतात आणि बादलीवर ताणलेल्या, मधे किंचित झोळ दिलेल्या जाड कापडावर दोघं आपापले भोवरे सोडतात. बाहेर फेकला गेला तो हरला आणि भोवराही गमावला. मुलं कानशीने कडा घासून भोवरे लढाऊ बनवत. सैतामा प्रांतातल्या कावागुची या ओतकामाच्या शहरात ते अजून बनतात. 1999 मध्ये बाजारात आलेलं बेब्लेड हे याचंच प्लॅस्टिकमधलं नातवंड, ते तुमच्या घरात एव्हाना असेलच.

मेन्को म्हणजे जमिनीवर आपटायचे जाड पत्ते, ते तर घरी बनवा. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद दोन-तीन थर चिकटवून कापले की झालं. एकाचा पत्ता जमिनीवर, दुसऱ्याने आपला पत्ता शेजारी इतक्या जोरात आपटायचा की वाऱ्याने खालचा उलटा व्हावा. उलटला की आपला. पत्त्याच्या कडेखाली हवा घुसली पाहिजे, म्हणून थेट वर मारण्यापेक्षा कडेलगत मारा. एदो काळात मेन्को मातीचे होते, मेइजी काळात (1868 ते 1912) शिशाचे आले, आणि शिशाच्या विषबाधेची भीती पसरल्यावर कागदी. त्यामुळे कुठे जुने धातूचे मिळाले तर ते मुलांना देऊ नका.

पत्त्यांकडे: कारुता

कारुताची गोष्ट गोव्यावरून जाते. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि पुढे गोव्याहून मलाक्का, मकाव करत त्यांची गलबतं जपानला जाऊ लागली. 1549 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून कागोशिमाला उतरले. खलाशांबरोबर पत्तेही गेले. जपान्यांनी क्युशू बेटावरच्या मिइकेमध्ये त्यांची नक्कल छापायला सुरुवात केली. सरकारने जुगाराचे पत्ते बंद करायचे आणि कारागिरांनी नवी चित्रं काढून तेच पुन्हा आणायचे, असा उंदीर-मांजराचा खेळ पुढे बराच चालला. त्यातून बारा महिन्यांच्या फुलांचे 48 पत्ते, म्हणजे हानाफुदा, घडले. ते बनवण्यासाठी 1889 मध्ये क्योतोत एक छोटं दुकान निघालं, त्याचं नाव निन्तेंदो.

नवख्याने मात्र ‘ह्याकुनिन इश्शू’चा संच घ्यावा. शंभर कवी, प्रत्येकाची एक कविता. वाचायच्या शंभर पत्त्यांवर कवीचं चित्र आणि पूर्ण कविता असते, उचलायच्या शंभरांवर फक्त शेवटच्या दोन ओळी. जपानी येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, पहिला खेळ अक्षरशत्रूंसाठीच आहे. त्याचं नाव ‘बोझु मेकुरी’.

फक्त चित्रांचे शंभर पत्ते घ्या, पिसा, उलटे ठेवा. पाळीपाळीने एक उघडायचा. दरबारी पुरुष निघाला तर पत्ता आपल्याकडे. बोडका भिक्षू निघाला तर जवळचे सगळे पत्ते मधे टाकायचे. राजस स्त्री निघाली तर मधला सगळा ढीग आपला. गठ्ठा संपेल तेव्हा ज्याच्याकडे जास्त तो जिंकला. शंभरांत स्त्रिया 21 आणि भिक्षू 13, त्यामुळे शेवटच्या पत्त्यापर्यंत कुणाचंच काही खरं नसतं. फक्त सेमिमारू नावाच्या कवीचं आधी ठरवून घ्या. त्याच्या डोक्यावर टोपडं असतं, तो भिक्षू धरायचा की नाही यावर जपानी घरांतही नव्या वर्षाच्या दिवशी भांडणं होतात.

जपानी शिकत असाल तर पुढची पायरी स्पर्धेचा कारुता. शंभरांतले 50 पत्ते घेऊन प्रत्येकी 25 आपापल्या बाजूला तीन रांगांत मांडतात, 15 मिनिटं जागा पाठ करतात, आणि वाचक कविता म्हणू लागला की पत्त्यावर झडप. आपल्या बाजूचे पत्ते आधी संपवले की जिंकलं. समोरच्याच्या बाजूचा उचललात तर आपला एक त्याला द्यायचा. अख्खी कविता ऐकत बसलात तर हात रिकामाच राहील. प्रत्येक कविता किती अक्षरांत ओळखता येते ते पाठ करायचं. सात कविता अशा की ज्यांचं पहिलंच अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही: मु, सु, मे, फु, सा, हो, से. ‘मुसुमे फुसाहोसे’ असं घोकून हे सात आधी पक्के करा, बाकीचे 93 नंतर. या खेळाचं सर्वोच्च ठिकाण म्हणजे बिवा सरोवराकाठच्या ओत्सु शहरातलं ओमी जिंगू देऊळ. जानेवारीत तिथे अजिंक्यपदाचे सामने होतात.

आणि ज्यांना जपानी नको पण खेळ हवा, त्यांनी इरोहा कारुताची मराठी आवृत्ती घरीच करावी. मूळ खेळात जपानी वर्णमालेच्या क्रमाने 48 म्हणी असतात. एदोच्या (म्हणजे आजच्या टोकियोच्या) संचातली पहिली म्हण ‘कुत्रं फिरायला निघालं तरी काठी खातं’ अशा अर्थाची. आपल्याकडे म्हणींची काय वाण? एका गठ्ठ्यावर म्हणी लिहा: अति तेथे माती, आयत्या बिळावर नागोबा, कामापुरता मामा, गर्वाचे घर खाली, नाचता येईना अंगण वाकडे. दुसऱ्या गठ्ठ्यावर त्या म्हणीचं पहिलं अक्षर कोपऱ्यात आणि चित्र. चित्रं मुलांना काढू द्या, वाकड्या अंगणाची चित्रं बघण्यासारखी येतात. चित्रांचे पत्ते सतरंजीवर पसरायचे, एकाने म्हण वाचायची, बाकीच्यांनी पत्ता पकडायचा. चुकीच्या पत्त्यावर हात पडला तर एक पत्ता परत. एकाच अक्षराच्या दोन म्हणी मात्र सुरुवातीला ठेवू नका.

नव्या वर्षाचे खेळ, आणि जपानला जाणार असाल तर

कारुता, सुगोरोकु, पतंग, हानेत्सुकी हे सगळे नव्या वर्षाचे खेळ. सुगोरोकुचा पटावरचा जुना प्रकार जुगारामुळे इतका बदनाम झाला की सम्राज्ञी जितोने 689 मध्ये त्यावर बंदी घातली. नंतरचा चित्रांचा सुगोरोकु म्हणजे फासे टाकत पुढे जायचं, एदोहून क्योतोपर्यंतच्या रस्त्यावरचे 53 मुक्काम घेत. तो शिकवायची गरज नाही, सापशिडी येते त्याला येतोच.

हानेत्सुकी म्हणजे लाकडी फळीने बॅडमिंटनसारखं पिसांचं फूल टोलवायचं, जाळीशिवाय. हुकलं की गालावर शाईचा फराटा. 1432 च्या एका दरबारी रोजनिशीतही हा खेळ नोंदलेला आहे. त्या फुलाच्या बुडाशी जे काळं, टणक बी असतं ते रिठ्याचं. घरी रिठे असतील तर फोडून बी काढा, सुताराकडून बारीक भोक पाडून घ्या, दोन-तीन पिसं खोचा, आणि फळी म्हणून पोळपाटापेक्षा लहान काहीही घ्या.

डिसेंबरमध्ये टोकियोत असाल तर 17 ते 19 तारखेला आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात या फळ्यांचा, हागोइतांचा, बाजार भरतो. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांचे कापडी उठाव चेहरे असलेल्या फळ्या भिंतीवर लावायच्या, खेळायला साध्या रंगवलेल्या घ्या. मियाजिमाला तर आपल्याकडचे पर्यटक जातातच. ते बेट हात्सुकाइचीच्याच हद्दीत येतं, तेव्हा केंदामा टोकियोच्या विमानतळावर न घेता तिथे घ्या, हातात धरून, दोन-चार वेळा झेलून. आणि एक दिवस हिमेजीसाठी काढा. ओकायामाला, म्हणजे ज्या शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान उभं राहिलं तिथे गेलात, तर हिमेजी शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्ध्या तासाच्या आत. किल्ला सगळेच बघतात. तिथून बानतान मार्गाच्या छोट्या गाडीने कोरो स्थानकावर उतरलात की चालत जाण्याच्या अंतरावर 1974 मध्ये सुरू झालेलं जपानी खेळण्यांचं संग्रहालय आहे. निघण्याआधी सुट्टीचा वार तेवढा बघून घ्या.